बादशाही डेरा आणि त्याचे कारागीर

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज विषय घेतला आहे तो राजेरजवाड्यांच्या डेऱ्यांचा. मखमलीच्या कनाती, किनखापाची छते आणि जरीच्या झालरी यांचा. कामगारांचा आणि या वैभवाचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की संबंध फार जवळचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा विषय निवडला. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिती मांडणीची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे वाचले, जे पाहिले आणि त्यावरून जे उमगले, ते सरळ सांगावयाचे आहे.

प्रथम ‘डेरा’ या शब्दाने काय समजावयाचे ते पाहू. आज आपल्या डोळ्यांपुढे येतो तो लग्नाचा मांडव किंवा पोलिसांचा खाकी तंबू. जुन्या काळचा राजाचा डेरा म्हणजे हलते शहर होते. मोगल बादशहा वर्षाचे कित्येक महिने राजधानीबाहेर असत. राज्य मोठे, रस्ते लांबचे आणि सुभेदारांवर धाक ठेवायचा तर स्वतः फिरणे भाग. राजा जेथे मुक्काम करील तेथे राजधानी. म्हणून दरबार, जनानखाना, मुदपाकखाना, दफ्तर, नगारखाना हे सारे त्याच्याबरोबर चाले, आणि या सगळ्याला भिंती व छप्पर लागे ते कापडाचे. दगडाच्या राजवाड्यात जी शान दिसे, ती माळरानावर कापडातून उभी करावी लागे. डेऱ्याच्या कापडावर एवढा खर्च का होई, याचे उत्तर यातच आहे. ती नुसती चैन नव्हती. प्रजेला आणि शत्रूला सत्ता दिसावी, यासाठी केलेला तो कारभाराचाच खर्च होता.

या कापडी राजवाड्याचे भाग आपण ओळखून घेऊ. सभोवार उभी राहते ती कनात, म्हणजे कापडाची भिंत. चार खांबांवर ताणलेले सपाट छत तो शामियाना. मधल्या खांबावाचून उभा राहणारा तंबू तो बिचोबा. शिपायांची लहान ती राहुटी. डोक्यावर चांदवा, कडेला झालर, खाली सतरंजी, जाजम आणि त्यावर गालिचा. हे सारे तोलून धरतात ते चोब, तणावे आणि मेखा. यांतले बहुतेक शब्द फारशी-अरबीतून आले. पण तीनशे वर्षांच्या वापराने ते आपल्या घरचे झाले आहेत. आमच्या मलकापुरातला मांडव घालणारा गडी आजही ‘कनात लाव’ असेच म्हणतो.

आता कनातीकडे जरा बारकाईने पाहू, कारण डेऱ्यातले खरे कसब तेथे आहे. कनात म्हणजे एकसलग कापड नव्हे. दारासारखे उभे पट्टे एकमेकांना जोडून ती बनते. प्रत्येक पट्ट्यावर एक मेहराब, म्हणजे कमान काढलेली असते. कमानीत एक फुलझाड किंवा फुलदाणी. वर-खाली वेलबुट्टीची किनार. दोन पट्ट्यांच्या सांध्यात बांबू किंवा काठी घालायला नेफा ठेवलेला असतो. अशा वीस-पंचवीस पट्ट्यांची रांग उभी केली की आत बसलेल्यास आपण कमानींच्या ओवरीत बसलो असून प्रत्येक कमानीपलीकडे बाग फुलली आहे, असे वाटते.

ही रचना केवळ शोभेसाठी केलेली नाही. पट्ट्यापट्ट्यांची कनात घडी घालून उंटावर लादता येते. एक पट्टा फाटला तर तेवढाच बदलता येतो. जागा मोठी हवी तर पट्टे वाढविता येतात. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकाच नमुन्याचे पट्टे निरनिराळे कारागीर एकाच वेळी करू शकतात. कामाची वाटणी गिरण्यांनी शिकविली असे आपण समजतो. ती या कारखान्यांत कधीचीच होती.

कनातीला दोन अंगे असतात. बाहेरचे अंग ऊन, वारा आणि धूळ सोसणारे, जाड्याभरड्या सुताचे. आतले अंग नाजूक व नक्षीदार. बादशाही डेऱ्याचे बाहेरचे अंग लाल असे, आणि लाल डेरा ही राजाचीच खूण मानली जाई. गरिबाचा लाल रंग म्हणजे खारवा. बारतोंडीच्या, म्हणजे आलाच्या, मुळ्यांनी रंगविलेले ते मजबूत कापड. श्रीमंती लाल म्हणजे सकलात, विलायतेहून आलेली लोकरी बनात. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या लाकडी रावटीचे वर्णन केले आहे. तिच्या आतल्या बाजूस किनखाप व मखमल आणि बाहेरून सकलात असे, व ती रेशमी फितीने बांधलेली असे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे युरोपातल्या विणकराचे कापड आणि हिंदुस्थानातल्या विणकराचे कापड एकाच डेऱ्याच्या आतबाहेर त्या काळीच शिवले जात होते.

आतल्या अंगाचे मुख्य तीन प्रकार. पहिला हाताने रंगविलेल्या छिटाचा. मच्छलीपट्टणची छिटे यासाठी प्रसिद्ध होती. आपल्या खानदेशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर हेही रंगीत कापडाचे मोठे ठाणे होते. फ्रान्स्वा बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या स्वारीबरोबर दिल्लीहून निघाला, तो पुढे काश्मीरपर्यंत गेला. डेऱ्यांच्या आतली मच्छलीपट्टणची छिटे पाहून त्याला ती टांगलेल्या बागेसारखी वाटली.

हे छीट कसे होई ते ऐकण्यासारखे आहे. कोरे सुती कापड धुऊन हिरड्याच्या काढ्यात व म्हशीच्या दुधात भिजवीत. हिरड्यातला तुरटपणा रंगाला धरून ठेवतो आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग फुटत नाही. मग लोखंडाचे गंजके तुकडे व गूळ पाण्यात आंबवून केलेल्या काळ्या रसाने कलम चालवून रेषा काढीत. जेथे लाल हवे तेथे तुरटीचे पाणी लावीत. ते पाणी दिसायला रंगहीन. पण कापड मुळ्यांच्या रसात उकळले की तुरटी लागलेल्या जागीच लाल पक्के बसे आणि बाकीचे धुऊन जाई. निळा रंग हवा असेल तर उरलेल्या सगळ्या भागावर मेण लावून कापड निळीच्या पिंपात बुडवीत. पिवळा शेवटी, हाताने. निळीवर पिवळा चढला की हिरवी पाने. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा धुणे आणि उन्हात वाळविणे. एका पट्ट्यामागे किती दिवसांचे काम होते याचा अंदाज यावरून बांधावा. रसायनशास्त्र शाळेत न शिकलेल्या माणसांचे हे रसायनशास्त्र होते. ते त्यांच्या हातांत होते आणि बापाकडून लेकाकडे जात होते.

दुसरा प्रकार मखमल. मखमलीला दोन ताणे लागतात. एक मूळ कापडाचा आणि दुसरा लवेचा. विणताना लवेच्या ताण्याखाली बारीक सळई घालून फासे उभे करावयाचे आणि मग ते पात्याने कापावयाचे. हात किंचित हलला की लव वाकडी झाली आणि कापड वाया गेले.

तिसरा प्रकार जरीकामाचा. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवीत. मग पोलादी जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढीत, ओढीत केसाएवढी तार करीत. ती तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली की झाला कलाबतू. चांदी कितीही लांबली तरी तिच्यावरचे सोने तिच्याबरोबर लांबत जाते, म्हणून थोड्या सोन्यात पुष्कळ झळाळी येते. हा कलाबतू कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या मखमलीवर सुईने टाके घालून बसवावयाचा. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ‘लाल डेरा’ म्हणून सतराव्या शतकातला एक रेशमी मखमलीचा तंबू जपून ठेवला आहे. तो शहाजहान बादशहाचा असल्याचे सांगतात. राजस्थानच्या सहलीला जाणाऱ्यांनी तेथे दहा मिनिटे अवश्य थांबावे.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेबावाचून आमचे व्याख्यान पुरे होत नाही. अबुल फजलाच्या सांगण्याप्रमाणे बादशाही छावणीच्या एका संचाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. डेरे ठोकायला एक हजार फरास. शिवाय ५०० बेलदार, १०० पखालजी, सुतार, डेरे शिवणारे, मशालजी, ३० चामड्याचे काम करणारे आणि १५० झाडूवाले. या पायी चाकरांचा महिना २४० पासून १३० दामांपर्यंत. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे वरचा पगार सहा रुपये आणि खालचा सव्वातीन. आता ‘बारगाह’ या मोठ्या दरबारी डेऱ्याची किंमत पाहा. त्यात दहा हजारांवर माणसे मावत आणि तो उभारायला एक हजार फरासांना आठवडा लागे. मखमल, किनखाप, सोने यांतले काही न लावलेला साधा बारगाह दहा हजार रुपये व त्याहून वर जाई. सजविलेल्याच्या किमतीला मर्यादाच नाही, असे ग्रंथकार म्हणतो. दहा हजार रुपयांचे चार लाख दाम होतात. १३० दाम महिन्याच्या चाकराने एक दामही पोटाला न खर्चता सारा पगार साठविला असता, तरी त्या साध्या डेऱ्याची किंमत जमायला त्याला अडीचशेहून अधिक वर्षे लागली असती. आणि तो डेरा उभा करणारा व पाडणारा तोच!

बर्निए आणखी एक गोष्ट सांगतो. बादशहाचे डेरे दोन जोड असत. एक जोड वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई, म्हणजे बादशहा पोहोचेपर्यंत सारे तयार. याला पेशखाना म्हणत. त्याच्या वाहतुकीला साठांवर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. जड सामान हत्तीवर आणि उंटावर. मग शंभर हमाल कशासाठी? जे मोल्यवान आणि नाजूक, ते जनावराच्या पाठीवर टाकीत नसत. ते माणसाच्या खांद्यावर देत. माणूस ठेचकाळला तरी ओझे सांभाळतो, हे त्या काळच्या धन्यांना चांगले ठाऊक होते.

हे सारे उत्तरेकडचे झाले, असे कोणी समजू नये. मराठ्यांच्या राज्यातही अठरा कारखान्यांत फरासखान्याची गणना होती. डेरे, कनाती, बिछायती यांचे ते खाते. पुण्यात बुधवार पेठेत आजही फरासखाना पोलीस ठाणे आहे. रोज हजारो माणसे ते नाव घेतात, पण फरास कोण हे फार थोड्यांना माहीत असते. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीसाठी महाराजांनी शामियाना उभारला, तो इतका भरजरी की खानाला त्याचे आश्चर्य वाटले, असे बखरकार सांगतात. स्वतःच्या राहणीत साधा असलेला राजा एका भेटीसाठी एवढे कापड का लावतो, याचा विचार केला म्हणजे कापडाचे राजकारण ध्यानात येते. समोरच्याने काय समजावे, हे त्या झालरींनी ठरविले होते.

संताजी घोरपड्यांनी हे राजकारण उलट बाजूने ओळखले. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये, त्यांनी मोजक्या लोकांनिशी औरंगजेबाच्या छावणीवर रात्री छापा घातला, बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस काढून नेले, अशी कथा बखरींतून आली आहे. मोठ्या फौजेला जे जमले नसते ते दोराला लावलेल्या सुरीने केले. तणावा तुटला की मखमल, किनखाप आणि सारा दबदबा एकदम जमिनीवर येतो.

आपल्या मुलखाने तर हा बादशाही डेरा अगदी जवळून पाहिला आहे. महामार्गावरून साताऱ्याकडे जाताना तळबीडच्या बाजूला वसंतगड दिसतो. औरंगजेबाने १६९९ च्या नोव्हेंबरात तो घेतला आणि त्याचे नाव ‘किलीद-इ-फतेह’, म्हणजे विजयाची किल्ली, असे ठेवले. तेथून तो साताऱ्यास गेला. अजिंक्यतारा चार महिन्यांवर लढला आणि एप्रिल १७०० मध्ये पडला, मग परळी. त्याच्या छावणीचा थाट केवढा होता, हे पाच वर्षांपूर्वी, १६९५ साली, कृष्णाकाठी गलगल्यास येऊन गेलेल्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे. तीस मैलांचा घेर आणि पाच लाख माणसे, असे त्याला सांगण्यात आले होते.

पण परळी घेतल्यावर पाऊस लागला. आपला पाऊस आणि आपली काळी माती यांचे आकडे ‘आईन’मध्ये नव्हते. परळीहून भूषणगडापर्यंतचे पंचेचाळीस मैल कापायला त्या फौजेस पस्तीस दिवस लागले. सुती कनात भिजली की तिचे वजन कितीतरी वाढते. मखमल पाणी प्याली की सुकता सुकत नाही. तणावे आकसतात आणि चिखलात मेख धरत नाही. जनावरे मेली, तेव्हा त्यांच्या पाठीवरचे ओझे कोणाच्या खांद्यावर गेले असेल, हे सांगायला नको. पुढे ऑक्टोबरमध्ये माणनदीकाठी खवासपूरला मुक्काम असताना रात्री पूर आला आणि छावणी वाहून गेली. गडबडीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. बादशहाचा गुडघा इतिहासात नोंदला गेला. त्या रात्री अंधारात खांबांना आणि तणाव्यांना धरून राहिलेल्या फरासांपैकी एकाचेही नाव आम्हांस कोठे वाचावयास मिळाले नाही.

आमचा मुद्दा येथे आहे. जुने कापड आज लाखमोलाचे झाले आहे. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू १७९९ नंतर इंग्रजांच्या हाती गेला. क्लाइव्ह घराण्याने तो वेल्समधल्या पोविस किल्ल्यावर नेला आणि बागेतल्या मेजवान्यांसाठी उभारला. अजूनही तो तेथेच आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करविलेला मोत्यांचा गालिचा २००९ साली दोहा येथे लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. संग्रहालयातली पाटी पाहावी तर ‘शहाजहानचा डेरा’, ‘टिपूचा तंबू’, ‘खंडेरावांचा गालिचा’. मालकाचे नाव असावे, त्याला आमची हरकत नाही. ते इतिहासाला लागते. पण हिरड्यात हात काळे करणारा रंगारी, कारचोबावर डोळे गमावणारा जरीवाला आणि मेख ठोकणारा फरास यांच्याविषयी एक ओळही नसावी, हे बरे नव्हे. नावे हरवली असतील. पण धंदे हरवलेले नाहीत. ‘छीट रंगविणारे मच्छलीपट्टणचे कलमकार’ एवढे लिहायला कोणाची ना असणार?

आणि हा प्रश्न केवळ संग्रहालयापुरता नाही. आपल्या मलकापूर-कराडच्या रस्त्याने लग्नसराईत एक फेरी मारा. मंगल कार्यालयांपुढे एका रात्रीत कमानी उभ्या राहतात, छताला रंगीत कापडाच्या चुण्या पडतात, झालरी लागतात. कापड आता सुती नाही, कृत्रिम धाग्याचे आहे. बांबूच्या जागी लोखंडी पाइप आले. पण कमानीचा नमुना तोच, कनात हे नावही तेच, आणि उंच चढून कापड बांधणारा गडी तोही त्या फरासाचाच वारस. आम्ही या मुलांच्या बैठका घेतो. काम हंगामी. दिवाळीनंतर लग्ने, मग पाऊस, मग गणपती. मजुरी तोंडी ठरलेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक तरुण शिडीवरून पडून पाय मोडून बसला. कंबरेला पट्टा नव्हता आणि हजेरीच्या वहीत नाव नव्हते, म्हणून भरपाई मागायला कागदच नव्हता. नोंद नसलेला माणूस फक्त इतिहासातच हरवतो असे नाही. तो जिवंतपणीही हरवतो.

हे बदलत नाही असे मात्र नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला कसली आली नोंद आणि कसला भविष्यनिर्वाह निधी, असे एके काळी शहाणी माणसेही म्हणत. आपल्या सातारा जिल्ह्याचेच सुपुत्र अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतल्या माथाडींना एकत्र केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. धनी बदलत राहिला तरी कामगाराची नोंद एका मंडळाकडे राहते, मजुरी मंडळामार्फत मिळते, हे त्या कायद्याने दाखवून दिले. जे धान्याच्या पोत्याच्या बाबतीत झाले, ते मांडवाच्या पाइपाच्या बाबतीत होऊ नये असे कोणते शास्त्र आहे?

तोवर आपल्या हाती एक लहानशी गोष्ट आहे. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी येत्या महिन्यात कार्य असेल. मांडव ठरविताना कापडाचा रंग आणि झालरीची घडण आपण बारकाईने पाहतो. त्याच बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारावेत: चढणाऱ्या गड्यांना पट्टा आहे काय, त्यांची नावे वहीत आहेत काय, आणि रात्रभर राबणाऱ्यांच्या जेवणाची सोय कोणी केली आहे? पैसे देणाऱ्याने विचारले की उत्तर द्यावेच लागते. शंभर घरांनी विचारले तर ती चाल पडेल.